हनुवटीखालची दोन बोटं

खडूची रेघ मी एकच मारली होती. सव्वीस वर्षं मारतोय. पट्टी ठेवायची, खडू ओढायचा, पट्टी उचलायची. त्या मंगळवारी पट्टी उचलली आणि निळ्या कापडावर दोन रेघा दिसल्या. एक वर, एक खाली, आणि खालची जरा कललेली. मला वाटलं पट्टी सरकली असेल, म्हणून बोटाने खालची पुसायला गेलो तर बोटांनाही सोबतीला बोटं होती. कापायचं मशीन सुरू होतं, मागे शिलाईवाल्या बायका वाट बघत होत्या, आणि माणूस घाबरला की घाई करतो, तशी मी केली. जवळची वाटली ती रेघ धरली आणि मशीन चालवलं. पात्याखाली कापडाचे चाळीस थर होते. शाळेच्या गणवेशाच्या चाळीस पँटी, चाळिसांच्या डाव्या पायाची खालची मोहरी तिरकी. कारखान्यात मला फुटपट्टी म्हणतात, माझ्या तोंडावरही म्हणतात आणि मला ते आवडतं. सुपरवायझरने तुकडे उचलून पाहिले, परत ठेवले, आणि ओरडण्याऐवजी हळू आवाजात म्हणाला, "फुटपट्टी, चष्मा बदला बुवा एकदा." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आजारी माणसाशी बोलतात तसा तो माझ्याशी बोलला.

चष्माच बदलायला हवा, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की त्यावर माझा जवळजवळ विश्वास बसला. एकोणपन्नासावं वर्ष आहे, या वयात सगळ्यांचेच डोळे कुरकुर करतात. पण मला माहीत होतं की चष्मा जुना झाला की धूसर दिसतं, दोन दोन दिसत नाही. दोन दोन दिसणं आमच्या घराला ठाऊक होतं. बाबाही एकोणपन्नासाचेच होते. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी तांब्यातलं पाणी भांड्याच्या शेजारी ओतलं, व्यवस्थित, धार न तुटू देता, आणि सगळं पाणी आईच्या मांडीवर गेलं. आम्ही हसलो. बाबाही हसले. म्हणाले, "मला हल्ली बायका दोन दिसतात, पण स्वयंपाक एकच करते." पुढचे दोन आठवडे ते एका डोळ्यावर तळहात ठेवून पेपर वाचायचे, आणि मी त्यांची नक्कल करून शेजारच्या मुलांना हसवायचो. चार महिन्यांनी ते गेले. डोक्यात काहीतरी होतं, एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. मी चौदा वर्षांचा होतो आणि त्या वयाच्या मुलाला कुणी नीट काही सांगत नाही. मी नक्कल केली होती हे मात्र माझ्या लक्षात राहिलं. आणि आता आठ दिवस मी कापायच्या टेबलाशी एका डोळ्यावर तळहात ठेवून रेघा मारत होतो, एक डोळा झाकला की दुसरी रेघ जायची. कुणी विचारलं तर डोळे आलेत म्हणून सांगत होतो, आणि डोळे आलेत म्हटल्यावर सगळे चार हात लांब राहायचे, ते सोयीचंच होतं.

बायकोला काही सांगितलं नव्हतं. ती काहीही विचारताना मान एका बाजूला कलती करते, कोंबडी दाणा बघते तशी. चोवीस वर्षं मी ती मान बघतोय. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला ती लकब गोड वाटायची, मग काही वाटेनासं झालं, आणि या आठ दिवसांत तिची भीती वाटायला लागली, कारण ती मान कलली की प्रश्न येतो. "हल्ली जिना उतरताना कठडा का धरता हो?" तिने विचारलं होतं. मी म्हटलं, "वय झालं." ती म्हणाली, "चढताना नाही झालेलं दिसत." तिचं बरोबर होतं. वर बघताना सगळं ठीक असायचं. खाली बघितलं की शेवटच्या पायरीखाली आणखी एक पायरी असायची, आणि त्या दोन पायऱ्यांतली कुठली खरी हे पाय टेकल्याशिवाय कळायचं नाही.

म्हणून पुढच्या आठवड्यात बुधवारी कामावरून सुटल्यावर मी चष्मेवाल्या बाईंच्या दुकानात गेलो. दुकान आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच आहे; एका बाजूला आरसे, दुसऱ्या बाजूला फ्रेमा, मागे पडदा आणि पडद्यामागे तपासणीची खोली. बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांच्या वडिलांनंतर दुकान त्या बघतात. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा असतो आणि तो त्या कधीच लावत नाहीत, नुसता धरून बोलतात. मी म्हटलं, "फ्रेम बदलायचीय." डोळ्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. मनात ठरवलं होतं, आधी फ्रेम, मग नंबर, मग सगळ्यात शेवटी, वाटलंच तर, ते दुसरं. आणि मग मी फ्रेमा निवडत बसलो. लग्नासाठी मुलगी बघताना मी इतका चोखंदळ नव्हतो. ही रुंद वाटते, ही म्हातारी दिसते, हिने नाक मोठं दिसतं. नाक मुळातच मोठं आहे, असं बाई म्हणाल्या नाहीत, पण फडक्याने काचा पुसता पुसता थांबल्या. जोवर फ्रेम ठरत नव्हती तोवर मी फ्रेम निवडणारं एक साधं गिऱ्हाईक होतो. आरशात एक बरा माणूस दिसत होता, सरळ बघितलं तर एकच. मला त्या खुर्चीवरून उठायचं नव्हतं.

"किती बघणार?" बाई शेवटी म्हणाल्या. "सतरा झाल्या. पहिलीच चांगली होती." पहिली काळी, जाड कडांची होती. मी हो म्हटलं. त्यांनी ती माझ्या नाकावर बसवली, दोन्ही कानांमागे बोट घालून बघितलं आणि एक बारीक पेन घेतलं. चष्म्यातून लांबचंही आणि जवळचंही दिसायला हवं असेल तर बुबुळ काचेवर नेमकं कुठे येतं ते मोजावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. "माझ्या नाकाकडे बघा. हालू नका." पेनाचा ठिपका काचेवर पडलेला मला दिसला, उजवीकडे एक, डावीकडे एक. त्यांनी चष्मा काढला, पट्टी लावली आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. ठिपके पुसले. पुन्हा चष्मा चढवला. "सरळ बसा." मी म्हटलं, "सरळच बसलोय." पुन्हा ठिपके, पुन्हा पट्टी. मी आयुष्यभर पट्टीवर जगलेला माणूस. त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं की उजवा ठिपका डाव्यापेक्षा चांगला चार मिलिमीटर वर होता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ही मान कधीपासून?"

"कुठली मान?"

"तुमची. डाव्या खांद्याकडे झुकलीय."

"एकच मान आहे बाई, जन्मापासून तीच वापरतोय," मी म्हटलं. घाबरलो की मला विनोद सुचतात, हे मी बाबांकडून घेतलंय. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा जुना चष्मा उचलला, उजेडात धरला. त्याची डावी काडी वाकलेली होती. मी म्हटलं, उशाखाली गेली असेल. "दोन दोन दिसतं का?" त्यांनी अगदी सहज विचारलं, पाणी हवं का विचारावं तसं. आठ दिवस मी जो प्रश्न घरात येऊ दिला नव्हता, तो इथे अर्ध्या तासात येऊन बसला. मी म्हटलं, "कधीतरी. दमलो की."

पडद्यामागच्या खोलीत त्यांनी माझी हनुवटी एका कपात टेकवली, कपाळ पट्ट्याला लावलं. तिथे माझी मान सरळ झाली आणि समोरच्या भिंतीवरची अक्षरं हळूहळू एकमेकांवरून सरकली, वरची वर, खालची खाली. मग त्यांनी उजव्या डोळ्यासमोर रेघारेघांची लाल काच धरली आणि दिवे मालवले. "समोर दिवा दिसेल. त्याबरोबर एक लाल रेघ दिसेल. ती दिव्यातून जाते, वरून जाते की खालून?" मी म्हटलं, "अगदी मधून जाते." मग बाई म्हणाल्या, "दिवा मी अजून लावलाच नाहीये." मला शाळेत पकडलं गेल्यासारखं झालं. बटणाचा आवाज झाला, दिवा लागला आणि लाल रेघ त्याच्या बरीच खाली, तिरकी, मंगळवारच्या रेघेसारखी. "खालून," मी म्हटलं. बाई माझ्या डोक्याला दोन्ही हात लावून ते हळूच डाव्या खांद्याकडे कलवायला लागल्या. रेघ चढत गेली, सरळ होत गेली आणि दिव्याला येऊन चिकटली. मग उजवीकडे कलवलं, तर ती कुठल्या कुठे निघून गेली. मला वाटलं, हिने माझं डोकं घड्याळासारखं फिरवून काय वाजलेत ते बघितलं.

दिवे लागल्यावर मी बाबांचं सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, तांब्याचंही सांगितलं बहुतेक. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे बघा, मी डॉक्टर नाही, चष्मे करते. एका डोळ्याचा एक लहानसा स्नायू कमी पडतोय, तो डोळा वर राहतोय. काहींना हे जन्मापासून असतं. मान कलती ठेवून ते निभावतात आणि त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. वय झालं की स्नायू दमतो आणि मग दोन दिसायला लागतं. तसं असेल तर काचेत थोडी वेगळी घडण घालून काम भागेल. पण हे नवीन असेल, तर ते का झालं ते आधी बघायला हवं, आणि ते लगेच." मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या, "मला वाटून उपयोग नाही. चिठ्ठी देते, उद्या सकाळी मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागात जायचं, दोन्ही बाबतींत जायचंच. आणि जाताना लहानपणचे फोटो घेऊन जा. पहिलं तेच विचारतील. फोटोत मान कललेली दिसली तर निम्मी काळजी मिटली." आणि ती काळी फ्रेम त्यांनी एका पाकिटात घालून बाजूला ठेवली, वर माझ्या आडनावाऐवजी 'थांबणे' असं लिहिलं. चष्मा विकायचं सोडून ही बाई फोटो मागते, याचा मला रस्त्यावर आल्यावर राग आला. घर येईपर्यंत तो टिकला असता तर बरं झालं असतं, पण जिन्याच्या पायथ्याशीच संपला.

फोटो कपाटाच्या वरच्या खणात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात होते. बायको स्वयंपाकघरात होती. मी पलंगावर डबा उपडा केला आणि स्वतःला शोधायला लागलो. पहिल्या वाढदिवसाचा फोटो: स्टुडिओतली खुर्ची, झबलं, मान सरळ. पाच वर्षांचा, लाकडी घोड्यावर: सरळ. शाळेच्या वर्गाचा, पन्नास मुलं चार ओळींत, कुणी जीभ काढलेली, कुणाचे डोळे मिटलेले, आणि दुसऱ्या ओळीत मी, खांबासारखा. मी पट्टी आणली. कानाच्या पाळीपासून पाळीपर्यंत लावली. एक मिलिमीटरही फरक नाही. मुंजीच्या वयाचा, दहावीच्या अर्जावरचा, पहिल्या नोकरीच्या ओळखपत्रावरचा, लग्नातला: सरळ, सरळ, सरळ. म्हणजे मान माझी कधीच कललेली नव्हती. म्हणजे हे नवीन. म्हणजे चार महिने. मी बोटांवर महिने मोजले आणि मुलीची परीक्षा त्यात बसते का ते बघितलं, आणि असं बघतोय याची मला लाज वाटली.

आणि मग त्या पाच वर्षांच्या फोटोत, लाकडी घोड्याच्या कडेला, अगदी काठावर, मला एक बांगडी दिसली. हात नाही, फक्त मनगटाचा तुकडा आणि बांगडी. फोटो कापला गेला तिथे. आईची बांगडी. आणि एकदम माझ्या हनुवटीखाली तिची दोन बोटं आली. साबणाचा वास असलेली, कोरडी, घट्ट. "मान सरळ. हालू नकोस." मग ती पटकन बाजूला व्हायची आणि फोटोवाला म्हणायचा, रेडी. प्रत्येक फोटोच्या आधी ती बोटं. ती नसेल तिथे शाळेचे सर, ते नसतील तिथे स्टुडिओवाला, लग्नात तर फोटोवाल्याने माझी हनुवटी इतक्या वेळा उचलली की बायको हसायला लागली होती. मला वाटायचं सगळ्यांचीच अशी उचलतात. उचलतातच की. कुठल्या आईने पोराचा वाकडा फोटो काढू दिलाय? म्हणजे या फोटोंतून काहीच सिद्ध होत नव्हतं, हेही नाही आणि तेही नाही. आईच्या त्या दोन बोटांनी माझा सगळा पुरावा सरळ करून ठेवला होता, आणि विचारायला आई नव्हती.

ताईला फोन केला. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. "ताई, माझे लहानपणचे फोटो आहेत का तुझ्याकडे? न ठरवता काढलेले." ती म्हणाली, "अचानक? मरायबिरायला टेकलास की काय?" मी हसलो. हसणं जरा लांबलं असावं, कारण तिचा सूर बदलला. "काय झालंय?" "काही नाही. उद्या हॉस्पिटलात दाखवायचेत, डोळ्यांचं आहे." तिनेही तो तांब्या पाहिला होता, तेव्हा वीस वर्षांची होती, तिला माझ्यापेक्षा जास्त सांगितलं गेलं होतं. "शोधते," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला. मी वळलो तर दारात बायको. पलंगभर पसरलेले फोटो, माझ्या हातात पट्टी. तिची मान कलली. "अहो, चष्म्याला लहानपणचे फोटो लागतात?" मी म्हटलं, "हल्ली लागतात." तिने एकेक फोटो गोळा केला, डब्यात भरला आणि म्हणाली, "उद्या मीही येतेय. रजा टाकलीय." तिने रजा कधी टाकली होती कुणास ठाऊक. फोटोंच्याही आधी टाकलेली असणार.

सकाळी हॉस्पिटलातल्या बाकावर आमचा नंबर एकतीस होता आणि आत तेवीस चालला होता. समोर नळीसारखा लांब बोळ, खाली फरशीवर दिव्यांच्या उजेडाच्या दोन दोन रांगा. मी एक डोळा झाकला, आणि तळहात चेहऱ्यावर आल्याबरोबर खाली घेतला, कारण तो बाबांचा होता. बायकोने पाहिलं आणि माझा तो हात आपल्या मांडीवर ठेवून घेतला. सत्तावीसच्या सुमाराला ताई आली, दमलेली, केस नीट न विंचरलेले. पिशवीतून तिने वहीच्या पुठ्ठ्यांत दाबलेला एक फोटो काढला. "तुझा नाहीये हा. माझा आहे. मला निबंधाचं बक्षीस मिळालं तेव्हाचा. तुझे फोटो सगळे आईने सरळ करून ठेवलेत, पण इथे ती माझ्या मागे होती, तुझ्याकडे लक्ष नव्हतं तिचं."

फोटोत ताई होती, दोन वेण्या, हातात कप. मागे आई, ताईची ओढणी ठीक करणारी. आणि त्यांच्याही मागे, कोपऱ्यात, जरा पुसट, एक मुलगा खुर्चीवर उभा होता. सात-आठ वर्षांचा. तो कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता, समोरच्या माणसाला काहीतरी सांगत होता, आणि त्याची मान डाव्या खांद्यावर अशी टेकली होती की कान जवळजवळ सदऱ्याला लागला होता. पट्टीची गरज नव्हती. मी होतो तो. मी श्वास सोडला आणि मग माझी नजर त्या समोरच्या माणसावर गेली. बाबा होते. आजारपणाच्या कितीतरी वर्षं आधीचे, दाट केसांचे. आणि त्यांचीही मान कललेली होती.

"बाबांचीही," मी म्हटलं. "ताई, बाबांचीही होती. म्हणजे तेव्हापासूनच त्यांना... म्हणजे हे त्यांचंच..." ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती माझे पाढे चुकल्यावर बघायची. "अरे वेड्या, ते तुझ्याशी बोलताना तसं करायचे. फक्त तुझ्याशी. आई वैतागायची, तुम्हीच लाडावून ठेवलंय त्याला, एकाला सरळ करावं तर दुसरा वाकडा. बाबा म्हणायचे, त्याची मान वाकडी, मी पण केली की तो मला सरळ दिसतो." तिने फोटोतल्या आईवर बोट ठेवलं. "आई बोटं लावायची आणि ते मान वाकडी करायचे. मरेपर्यंत दोघांचं त्यावरून भांडण."

मी फोटोकडे बघत राहिलो. पस्तीस वर्षं माझ्याकडे बाबांचं एकच डोकं होतं, उशीवर एका बाजूला पडलेलं, आणि ते मी स्वतःला कधी नीट आठवूही दिलं नव्हतं. हे दुसरं डोकं ताईने इतकी वर्षं पुठ्ठ्यांत दाबून ठेवलं होतं. मी त्यांची नक्कल केली होती, शेजारच्या पोरांना हसवायला. त्यांनी माझी केली होती, मी सरळ दिसावा म्हणून. मला रडू आलं, आणि बाकावरच्या लोकांना वाटलं असेल, काहीतरी वाईट कळलंय. आत एकोणतिसावा नंबर पुकारला. फोटोतलं सगळं अजून दोन दोन दिसत होतं, दोन मुलगे, दोन बाबा, पण पाण्याने दिसत होतं की स्नायूने, ते कळत नव्हतं.

"काय झालं? दाखवा ना," बायको म्हणाली. मी मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती, तिच्या उजव्या खांद्याकडे मान कलती करून, माझ्या डाव्यासमोर अगदी आरशासारखी. चोवीस वर्षांची ती कोंबडीची मान. मग तिने ताईकडे वळून विचारलं, "ताई, डॉक्टर आत दोघांना येऊ देतील का हो?"

ताईशी बोलताना तिची मान सरळ होती.